दारव्ह्याची गाडी आणि दाण्यातलं कोठार

माझ्या ओळखीचे लोक हिवाळ्यात महाबळेश्वरला जातात, फार झालं तर कोकणात. मी तुरीच्या दाण्यात जाऊन आलो. वाटेत यवतमाळ जिल्हा लागतो, म्हणून तोही पाहून घेतला. दोन्ही ठिकाणी गर्दी सारखीच, आणि दोन्हीकडे 'कोणाकडे जायचंय?' असं विचारल्याशिवाय परक्याला आत सोडत नाहीत.

मी सांगलीचा, शाळेतला निवृत्त चित्रकला मास्तर. माझी भाची शरयू नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात प्रबंध लिहिते. मला सोबत नेण्याचं अधिकृत कारण असं, की तिच्या आकृत्या मी काढतो. खरं कारण बर्फाचा थर्मास. तो मी उचलला म्हणूनच या प्रवासाला शास्त्रीय बैठक आली, असं माझं मत आहे. शरयूचं वेगळं असू शकेल.

प्रकरण असं होतं. दारव्हा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर एक जुनी तूर होती, जिची डाळ काही केल्या मिळून येत नसे. शरयूचा संशय असा, की या तुरीच्या पेशी प्रथिनं तर बनवतात, पण कोठारात नेऊन ठेवण्याऐवजी बाहेर फेकून देतात. असं खरंच होत असेल तर नागपूरच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकात ते दिसणार होतं. त्या यंत्रावर तिची पाळी दोन दिवसांनी होती. ती हुकली तर पुढची पाळी थेट पुढच्या हंगामात, आणि पुढच्या हंगामात ती तूरच राहणार नव्हती. का, ते तांड्यावर गेल्यावर सांगतो.

यवतमाळ

त्या वर्षी बोंडअळीनं आणि पडलेल्या भावानं जिल्ह्यात कापसाचं काय केलं होतं ते सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो. जिनिंगच्या कारखान्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. ती इतकी लांब होती की पुढच्या टोकाला कापसाचं माप चाललं होतं आणि मागच्या टोकाला अजून सरकी पेरत होते. गाडीवाले गाडीखाली सतरंजी टाकून पत्ते खेळत होते. भावाचं विचारलं की हातातल्या पानांकडे जास्तच लक्ष देत. बैल मात्र मोकळेपणानं आमच्याकडे बघत होते.

स्टँडवर पोहे खाल्ले. सांगलीत आम्ही स्वतःला तिखट खाणारे समजतो. इथे पोह्यांवर लाल तर्री ओततात आणि नंतर विचारतात, 'आणखी?' पहिल्याच घासाला मला शाळेत शिकवलेल्या सगळ्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमानं आठवली. दुसऱ्या घासाला त्यांच्या वडिलांचीही.

"मामा, पाणी पी," शरयू म्हणाली.

"पाणी नको. आठवीच्या तुकडीपर्यंत आलोय. मॅट्रिकपर्यंत जाऊ दे."

दारव्हा

दारव्ह्याच्या स्टँडवर गाडीतून माणसांआधी डबे उतरतात. आजूबाजूच्या गावांची पोरं इथे शिकायला राहतात, आणि त्यांच्या घरचा डबा रोज सकाळच्या एस.टी.नं येतो. कंडक्टर तो उतरवून स्टँडवरच्या गफूरभाईंच्या चहाच्या ठेल्यावर ठेवतो, पोरं येऊन घेऊन जातात. आमच्याकडे असा डबा पाठवायचा तर आम्ही त्यावर नाव, गाव, वर्ग, तुकडी आणि 'उलटा करू नये' असं लिहू. इथल्या ढीगभर डब्यांवर एक अक्षर नव्हतं.

"नाव कायले पायजे साहेब?" गफूरभाई म्हणाले. "फडका देखा, गाठ देखा, समजून गेलं. पिवळा फडका, दोन गाठी, थो लाडखेडचा. चौकड्याचा हाय, थो मास्तरच्या पोराचा."

"आणि फडकंच नसलं तर?"

"तं मंग बाहेर बाकड्यावर ठेवतो. कुत्र्याचं नशीब!"

शरयूनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी शोध लावला आहे. मी नम्रपणे मान हलवली. काय शोध लावला ते मला रात्री कळलं.

तांडा

जीपचा प्रवास सांगत नाही. एवढंच सांगतो, की ड्रायव्हर दाराबाहेर लटकून गाडी चालवत होता, कारण आत त्याच्यासाठी जागा नव्हती, आणि उतरल्यावर मी माझा म्हणून जो पाय झाडत होतो तो दुसऱ्याचा निघाला.

तुरीची मालकीण धनीबाई राठोड. अख्खा तांडा तिला 'याडी' म्हणतो, म्हणजे आई. वय विचारलं तर म्हणाली, "या पिपळाले इचारा, मीनंच लावला." पिंपळ चांगला आडवा वाढलेला होता. तिचं घर तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या, भिंतींचं, वरून शेणमातीनं लिंपलेलं, आत गेल्यावर बाहेरची थंडी विसरायला लावणारं. अंगणात मात्र नव्या विटांचा ढीग रचलेला होता.

शेतात कपाशीचे तास, म्हणजे ओळी, आणि मधेमधे तूर. कपाशीची निम्मी बोंडं किडून झाडावरच काळी पडलेली, उघडलीच नव्हती. धनीबाईनं त्यांच्याकडे हात केला नाही, आम्हीही विचारलं नाही. तिनं आम्हाला सरळ बांधाकडच्या तासावर नेलं.

"हे पाहा तुमची तूर. शिजवली की दाने अलग, पानी अलग. वरून फेस येते, साबनावानी. बैलानं खाल्ली तं थोही पस्तावते."

"मग लावता कशाला?" मी विचारलं.

"तुराट्यासाठी जी! पाह्य ना वर."

मी वर पाहिलं. टोपी पडली. ती तूर इतकी उंच, की शेंड्याकडच्या शेंगा अगोदरच्या हंगामातल्या असाव्यात. भिंतीला अशी सरळ, लांब तुराटी दुसऱ्या तुरीला येत नाही, म्हणून धनीबाई दरवर्षी हा एक तास लावत आली होती. पण आता घर विटांचं होणार. तुराट्यांची गरज संपली, तुरीचीही. हा शेवटचा तास.

त्या शेवटच्या तासालाही अळीनं सोडलं नव्हतं. शेंग उचलावी तर तिला भोक. शरयूला दाणा पाहिजे होता तो नेमक्या वयाचा. फार कोवळ्यात प्रथिनांचा माल यायलाच लागलेला नसतो, जून दाण्यात कोठार भरून दार लागलेलं असतं. मधले थोडे दिवस तेवढी वाहतूक चालू. त्या वयाच्या, बिनकिडक्या शेंगा तिनं खाली बसून, वाकून, शेवटी माझ्या खांद्यावर चढून शोधल्या. सगळा तास पालथा घालून ओंजळभर भरतील एवढ्याच होत्या. त्या उद्या पहाटे तोडायच्या, सोलायच्या आणि बर्फावरून नागपूरला न्यायच्या असं ठरलं.

संध्याकाळी ज्वारीची भाकरी, जिला इथे बाटी म्हणतात, वांग्याचं भरीत आणि ठेचा. शेकोटीपाशी धनीबाईनं शरयूला विचारलं, "पोरी, खरं सांग. एवढ्या भिकार तुरीत काय पाहून राह्यली तू?"

शरयूनं सांगितलं. तिचं सांगणं अचूक होतं, त्यामुळे कोणाला कळलं नाही. मग मी सांगितलं. ते खाली देतो.

पेशी

पेशी ही बघण्यासारखी जागा आहे. राहायची सोय नाही, पण एका दिवसात बघून होते.

आत शिरलं की प्रथम कारखाने लागतात. लांबच लांब घड्या पडलेल्या पडद्याला बाहेरून चिकटलेले, लहान, अखंड चालू. तिथे प्रथिनाचा धागा विणून निघतो. धाग्याच्या पुढच्या टोकाला एक चिठ्ठी असते, ती दाखवल्याशिवाय पडद्याच्या आत घेत नाहीत. आत घेतलं की चिठ्ठी कापून टाकतात. सरकारी कचेरीत ती फाइलला लावून ठेवली असती, पेशीत तेवढी जागा नाही. आत धाग्याची नीट घडी घालतात. घडी चुकली तर माल पुढे जात नाही, मोडीत निघतो.

तिथून पडद्याचेच बुडबुडे सुटतात आणि माल घेऊन मुख्य स्टँडवर येतात. एकावर एक थाळ्या रचाव्यात तसं हे स्टँड दिसतं. या ठिकाणी गर्दी विलक्षण. भिंतीला जायचा माल, बाहेर जायचा माल, कोठारात जायचा माल, सगळा एकत्र. शास्त्रात कोठाराला रिक्तिका म्हणतात. नाव ठेवणाऱ्यानं ती बहुधा रिकामी असताना पाहिली असावी. भरलेल्या दाण्यात ती प्रथिनानं इतकी ठासून भरलेली असते की पाय ठेवायला जागा नाही. बी रुजलं की कोंब पहिले काही दिवस याच शिध्यावर जगतो.

आता कोठाराचा माल ओळखायचा कसा? तर त्याच्याच अंगावर खूण असते. कोणाच्या डोक्याकडे, कोणाच्या शेपटाकडे, कोणाच्या मधेच. स्टँडवर कंडक्टर उभे असतात. ते खूण चाचपतात, पटली की मालाला धरून बुडबुड्यात बसवतात. पुढच्या थांब्यावर हवा आंबट असते. आंबट लागताच कंडक्टरची पकड सुटते, माल कोठाराकडे जातो आणि कंडक्टर परतीच्या बुडबुड्यानं पुन्हा स्टँडवर, दुसऱ्या फेरीला. भत्ता मिळतो की नाही कळलं नाही. कोठारात पोचल्यावर मालाच्या अंगची खूण बहुतेक वेळा छाटून टाकतात. पोचलेल्याला पत्ता कशाला?

आणि ज्याच्या अंगावर खूणच नाही, तो पेशीच्या बाहेर टाकला जातो. कोणी रागानं टाकत नाही. खूण नाही म्हणजे बाहेर, एवढाच नियम.

"म्हंजे दारव्ह्याचे डबे," धनीबाई म्हणाली.

"तेच तर!" शरयू म्हणाली. "मामा स्टँडपासून तेच बघत होता." माझा शोध तो हा.

धनीबाईनं शेकोटीत कपाशीची एक वाळकी पऱ्हाटी सारली. "मंग या तुरीत चूक कोनाची? डब्याले फडका नाई का कंडक्टर आंधळा?"

शरयू म्हणाली, "याडी, तेच शोधायचंय. आधी माल खरंच बाहेर पडतोय का ते बघू दे. चूक कोणाची ते नंतर."

"आमच्या गाडीचा कंडक्टर कधीच चुकत नाई," धनीबाई म्हणाली. "आजपावतर नाई चुकला."

फाटा

पहाटे शेंगा तोडल्या. दव इतकं थंड होतं की माझी बोटं तुरीवरच राहिली असं वाटून मी दोनदा मोजली. दाणे सोलून स्टीलच्या डब्यात बर्फावर ठेवले. बेत असा, की फाट्यावर सकाळची एस.टी. धरायची, दारव्हा, मग यवतमाळ, मग नागपूर.

पण दारव्ह्याचा बाजाराचा दिवस निघाला. गाडी आली तेव्हा तिच्या खिडक्यांतून माणसं बाहेर उगवलेली. कंडक्टर दारातूनच ओरडला, "जागा नाई! मागून जीप हाय!"

"अहो, फार महत्त्वाचं आहे," शरयू म्हणाली. "दाणे आहेत, बर्फ वितळेल."

"मानसाले जागा नाई बाई. डब्याले हाय. द्या इकडे. गफूरभाईकडं ठेवतो."

माणसाला जागा नाही पण डब्याला आहे, हे वाक्य आमच्याकडे कोणी उच्चारलं असतं तर त्याची तक्रार गेली असती. इथे सगळ्या गाडीनं माना डोलावल्या. शरयूनं डबा पुढे केला. तेवढ्यात धनीबाईनं तिचा हात धरला.

"उघडा डबा धाडते का? कुत्रं खाईन."

तिची नात निशा दारव्ह्याला वसतिगृहात राहते, कॉलेजात शिकते. तिचा रोजचा डबा धनीबाईच्या हातात तयार होता, लाल लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. धनीबाईनं ते फडकं सोडलं, टर्रकन मधोमध फाडलं, एका अर्ध्यात भाकरीचा डबा बांधला आणि दुसऱ्या अर्ध्यात आमचा. हात सवयीचे, गाठही सवयीची. दोन्ही डबे गाडीत गेले. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. आम्ही तिघं हात हलवत उभे होतो, जणू पोरगी सासरी निघाली.

जीप भरेपर्यंत सुटली नाही. भरली तेव्हा शरयू माझ्या मांडीवर थर्मास ठेवून म्हणाली, "मामा, दोन्ही फडकी सारखी होती का रे?"

मी म्हणालो, "लाल होती." मग आम्ही दोघंही ड्रायव्हरकडे बघून ओरडलो. तो म्हणाला, "उडून राह्यली ना जी गाडी, आता काय पंख लावू?"

दारव्हा, पुन्हा

"दोन लाल फडके, गाठ रोजच्यावानी. दोन्ही निशा घेऊन गेली," गफूरभाईंनी सांगितलं. "म्हने आजीनं आज काही जास्तीचं धाडलं."

सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. कंडक्टर चुकला नव्हता, गफूरभाई चुकले नव्हते, खूण स्वच्छ वाचली गेली होती.

तुरीचे सोले, म्हणजे सोललेले ओले दाणे, ही वऱ्हाडात मेजवानी. वसतिगृहात ते किती वेळ टिकतील याचा अंदाज यायला प्रबंध लागत नाही. शरयू बाजारातून पळाली. तिच्यामागे मी, माझ्यामागे थर्मास, त्याच्यामागे एक मिरच्यांचं पोतं, जे मी पाडलं होतं, आणि त्याची मालकीण.

वसतिगृहाच्या फाटकावरच्या रखवालदार बाईंनी मला अडवलं. "पुरुषमानसं बाहेर." त्यामुळे पुढचा प्रसंग मी कानांनी पाहिला.

वरच्या खिडकीतून फोडणीचा वास येत होता. मग शरयूचा आवाज, "थांबा! खाऊ नका!"

"कोन व्हय तुमी?"

"निशा कोण? तो डबा माझा आहे!"

"काहून बाप्पा? फडका तं आमच्या आजीचा हाय."

मग चर्र असा आवाज, एकदम चार-पाच किंकाळ्या आणि कोणीतरी म्हणालं, "अवं माय, फेस पाहा! शेगडी इझली!" म्हणजे तूर आपल्या स्वभावाप्रमाणे वागली होती. त्यानंतर शांतता. इतकी, की फाटकावरच्या बाई कुलूप घालायचं विसरल्या.

शरयू खाली आली तेव्हा तिच्या हातात डब्याचं झाकण होतं. बर्फाचं मुलींनी सरबत केलं होतं. सोले पातेल्यात गेले होते. पण निशाच्या खोलीतल्या एका मुलीला कच्चे सोले मिठाबरोबर आवडतात. तिनं आपला वाटा झाकणात काढून घेतला होता, आणि शरयू दारात पोचली तेव्हा मिठाची चिमूट त्यांच्यावर धरलेली होती.

"पडलं का मीठ?" मी विचारलं.

"नाही. मीठ पडलं असतं तर पेशी आक्रसल्या असत्या. काही दिसलं नसतं."

"पण एवढेसे दाणे पुरतील?"

"मामा, मला मोहरीएवढा तुकडा लागतो."

मी झाकणाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आपण ओंजळभर शेंगांसाठी तिला खांद्यावर घेतलं होतं हे बोलून दाखवायचं नाही असं ठरवलं.

नवा बर्फ बाजारातल्या मासेवालीनं दिला. नागपूरपर्यंत आमच्या बाकावर कोणी बसलं नाही.

नागपूर

यंत्राच्या खोलीत अंधार असतो आणि आवाज घरघरीचा. पडद्यावर करडं चित्र आलं. आधी नेहमीच्या तुरीचं. पेशीच्या आत काळे, गोल, भरलेले ठिपके, प्रत्येक कोठार आपल्या जागी. मग आमच्या तुरीचं. कोठारं होती, पण अर्धपोटी, भगदाडं पडलेली. आणि पेशींच्या मधल्या फटींत, भिंतींच्या बाहेर, काळा माल ढिगानं पडलेला.

शरयूनं खुर्ची पुढे ओढली आणि मला म्हणाली, "काढ."

मी काढलं. त्या आकृतीत मी काहीही वाढवलेलं नाही. माझ्या आयुष्यातलं असं ते एकच चित्र.

तांडा, शेवटचा

काही दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. माल बाहेर पडतो हे कळलं होतं. पण धनीबाईनं विचारलेला प्रश्न, चूक डब्याची की कंडक्टरची, तसाच होता, आणि त्याच्यासाठी पुढच्या वर्षीही हीच तूर ओली, उभी पाहिजे होती. सुकं बियाणं मागून नागपुरात लावता आलं असतं. पण शरयूला ती याच काळ्या जमिनीत, याच हातची हवी होती. निदान आधी तसं विचारायचं असं तिनं ठरवलं होतं.

विटांची भिंत छातीपर्यंत आली होती. धनीबाई तिच्यावर पाणी मारत होती. शरयूनं चित्र दाखवलं, सगळं सांगितलं. धनीबाईनं ऐकून घेतलं.

"आता मले तुराट्या कायले पायजे, पोरी? घर तं इटाचं झालं."

शरयू चित्र गुंडाळायला लागली. मी विटा मोजायला लागलो. धनीबाईनं भिंत संपेपर्यंत पाणी मारलं, मग बादली उपडी घालून तिच्यावर बसली.

"निशा सांगे, डबा गेला म्हून तू फाटकात रडत होती म्हने. लय रडली. बाईनं पानी पाजलं."

"मी?" शरयू म्हणाली. "मी नाही हो याडी. मी तर वर होते."

"मंग कोन रडलं?"

दोघी माझ्याकडे वळल्या.

मी खुलासा केला, की बाजारात मिरच्यांचं पोतं सांडलं होतं, हात तिखट होते आणि वरून फोडणीचा ठसका येत होता. अशा स्थितीत डोळ्यांतून पाणी येणं याला शास्त्रीय कारण आहे. धनीबाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग पदरात तोंड घालून हसली, इतकी की बादली हलली.

"लावतो बाप्पा, एक तास लावतो," ती शरयूला म्हणाली. "तुह्यासाठी नाई. या बुढ्यासाठी."